मूळ पट्टी

९ फेब्रुवारी

लेकीने ही डायरी पाठवली आणि वर फोनवर दम दिला, "बाबा, धंद्यातलं जे काही डोक्यात आहे ते लिहून ठेवा, नाहीतर एक दिवस सगळं तुमच्याबरोबर जाईल." म्हणजे बाप जाणार हे तिने धरूनच ठेवलंय. असो. लिहितो.

धंदा काय, तर वापरलेले अरेंजर कीबोर्ड घ्यायचे, नीट करायचे आणि कार्यक्रमांवर पोट असणाऱ्या वादकांना विकायचे. अरेंजर म्हणजे एका माणसाचा ऑर्केस्ट्रा. उजव्या हाताने चाल वाजवा, डाव्या हाताने कॉर्ड धरा, की ड्रमवाला, बासवाला, गिटारवाला आतल्या आत कामाला लागतात. हे लोक चहा मागत नाहीत, रुसत नाहीत आणि जेवणाच्या पंगतीत आपल्या आधी जाऊन बसत नाहीत. नवा कोरा घ्यायचा म्हटलं तर वादकाच्या अंगावरचे कपडे तेवढे शिल्लक राहतील. म्हणून माझ्यासारखा माणूस लागतो.

आज मोठा मासा लागला. गावाबाहेरच्या कॉलनीत एका निवृत्त कॅशियरकडे एक चांगला अरेंजर धूळ खात पडलाय अशी कुणकुण होती. धूळ नाही, इस्त्रीचे कपडे होते त्याच्यावर. निवृत्तीनंतर शिकायचं म्हणून घेतला, महिनाभर वाजवला, मग बायकोने त्याचं टेबल केलं. असा माल मला देवाने द्यावा. लेकी, लिहून घे: कीबोर्ड हौशी माणसाचा घ्यावा, धंदेवाल्याचा घेऊ नये. धंदेवाल्याच्या मधल्या सप्तकातल्या कीज दातांसारख्या हलतात आणि पेटीला सिगारेटचा वास येतो. दुसरं, दोन पिढ्या जुनं पण वरच्या दर्जाचं मॉडेल घ्यावं. नवं पण हलकं घेऊ नये. हलकं मशिन दिवाणखान्यात गोड बोलतं, हॉलमध्ये पत्र्याचा डबा होतं. तिसरं, आवाज पूर्ण वर करायचा आणि काहीच वाजवायचं नाही. मशिन गप्प असताना काय बोलतं, ते ऐकायचं. घुंऽऽ आली की नमस्कार करून उठायचं.

चौथी परीक्षा घरी, ती इतर कुणाला जमण्यातली नाही. ही स्वयंपाकघरातून "सा" लावते, मी मशिनवर तोच दाबतो. दोन्ही एकमेकांत विरघळले की माल पास. लग्न झाल्यापासूनचा हा नेम. तेव्हा मी हॉलमध्ये खुर्च्या मांडायचो आणि ही ऑर्केस्ट्रात गायची. मला सुरातलं जे कळतं ते सगळं हिच्या गळ्यातून कळलं. लोक सूर मोजायचं यंत्र बाळगतात, माझ्याकडे बायको आहे. माझा दुरुस्तीवाला मित्र, दिवसभर वायरींना डाग देत बसतो म्हणून ज्याला सगळे सोल्डर म्हणतात, तो म्हणतो की तुझ्या यंत्राला वॉरंटी नाही. त्या दिवशी हिने त्याला बिनसाखरेचा चहा दिला होता.

कॅशियरच्या मशिनचा सा हिच्या ‘सा’पेक्षा जरासा चढा निघाला. इस्त्रीची धग लागली असणार. आत जाऊन ट्यूनिंग उतरवलं. बसलं.

१७ फेब्रुवारी

शनिवार-रविवार दुपारच्या चहाला हॉटेलात आम्ही दोघं असतो. मी अरेंजरवर, ही माइकवर. आमचं एक खास गाणं आहे. चाल माझी, शब्द एका छापखान्यातल्या जुळाऱ्याचे. शेवटच्या ओळीला सूर वर चढतो आणि ही तिथे थांबते. तेव्हा कपातले चमचे थांबतात. मी मोजून सांगू शकतो कुठल्या टेबलावरचा चमचा आधी थांबला.

आज मॅनेजर म्हणाला, मालकीणबाई एप्रिलमध्ये ऐकायला येणार. त्यांना पसंत पडलं तर वर्षभराचं काम पक्कं, नुसते शनिवार-रविवार नाही, रोजचं. आणि त्यांना ते गाणं हवंच आहे. मी म्हटलं, हवंच असणार.

हिने मात्र आज पट्टी उतरवायला लावली. "एक खाली घ्या हो, धुळीने घसा बसलाय." मूळ गाणं काळी चारमध्ये. थंडीत अर्धा सूर उतरून पांढरी पाचवर आलो होतो, आज आणखी अर्धा, काळी तीन. मला त्यात काय, एक बटण. बोटं तिथल्या तिथे, मशिन आपण होऊन अर्धा सूर खाली सरकतं. जुना पेटीवाला असता तर त्याने तोंड वाकडं केलं असतं. अरेंजरचा हाच तर फायदा, गाणाऱ्याचं दुखणं पोटात घालतो आणि ऐकणाऱ्याला पत्ता लागू देत नाही.

वरच्या सुराला आज धार कमी वाटली. स्पीकरचा छोटा कागदी कोन फाटलाय बहुतेक. उद्या बदलतो.

२६ फेब्रुवारी

कॅशियरचं मशिन गेलं. घेणारा लग्नाच्या बँडमधला आहे, डोक्यावर टोपी कायम, म्हणून टोपीवाला. बोटं चांगली आहेत, डोकं गरम आहे. काका काका करत घेऊन गेला.

नवीन कोन बसवला. फरक नाही. आता माइक बदलून बघतो.

आज कुरिअरवाल्याचा फोन आला होता, हिने उचलला. तो म्हणे, "साहेब, मॅडम आहेत का घरी? सही लागेल." ही म्हणाली, "मॅडम मीच." बिचाऱ्याने इतक्यांदा माफी मागितली की शेवटी हिलाच त्याची समजूत घालावी लागली. दिवसभर आमच्या घरात साहेब, साहेब चाललं होतं. मी म्हटलं, साहेब, भाजी काय आज? ही हसली, हसता हसता ठसका लागला आणि न्हाणीघरात गेली. बराच वेळ नळ वाहत होता. त्याचा वॉशर गेलाय की काय बघायला हवं.

६ मार्च

टोपीवाला सकाळीच मशिन खांद्यावर टाकून दारात. म्हणाला, काका, तुमच्यामुळे भर स्टेजवर अब्रू गेली. बासरीवाला म्हणाला कीबोर्ड उतरलेला आहे आणि अर्ध्यातून बासरी पिशवीत घालून बसला. मी शांतपणे समजावलं की बासरी फुंकून फुंकून गरम झाली की चढते, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

"आणि गिटार, काका? तिलाही ताप आला होता?"

पोराची जीभ तिखट आहे. पण माझी रीत आहे, वाद घालून गिऱ्हाईक तोडायचं नाही. मशिन परत घेतलं. तो गेल्यावर हिला सा लावायला सांगितलं. काय सांगू, मशिन पुन्हा चढं! गेल्या महिन्यात माझ्या हाताने उतरवलेलं. म्हणजे याने नेऊन कसली तरी बटणं दाबली आणि वर मलाच शहाणपण शिकवतो. पुन्हा उतरवलं.

हिने सा दोनदा लावला. पहिल्यांदा लागलाच नाही, नुसती हवा आली. म्हणाली, आत्ताच उठलेय.

११ मार्च

सोल्डरशी वाजलं. असं कधी झालं नव्हतं.

त्याने टोपीवाल्याच्या मशिनला सूर मोजायचं यंत्र लावलं आणि म्हणाला, हे कंपनीतून निघालं तेव्हा बरोबर होतं, तू उतरवलंयस, आणि तेही थोडंथोडकं नाही. मी म्हटलं, तुझं यंत्र सोल्डरच्या धुराने गेलंय. त्याने पिशवीतून दुसरं काढलं, मग मोबाइलवरचं लावलं.

"तीन यंत्रं खोटी आणि तू एकटा खरा?"

"मी एकटा कुठे? ही आहे ना."

त्यावर तो स्वयंपाकघराकडे बघत राहिला. इतका बडबड्या माणूस, चहा संपेपर्यंत शब्द नाही. चपला घालताना "वहिनींना एकदा..." असं काहीतरी म्हणाला आणि पुढचं गिळलं. माफी मागायची असेल. मागितली असती तर मी लगेच केलं असतं माफ.

संध्याकाळी लेकीचा फोन. आईशी बोलून झाल्यावर मला म्हणाली, "आईचा आवाज असा का येतोय?" मी म्हटलं, लाइन खराब आहे, आमच्याकडे टॉवरचं काम चालू आहे. ती म्हणाली, "तुमचा तर नीट येतोय." मी म्हटलं, मी ओरडून बोलतो म्हणून.

१९ मार्च

आणखी एक मशिन परत आलं. गेल्या महिन्यात दिलेलं, प्रार्थनेच्या हॉलमध्ये वाजवणाऱ्या मास्तरांना. भला माणूस, आवाज चढवून बोलला नाही, उलट मलाच समजावत होता की वय झालं की होतं असं, आमच्या वडिलांचे कानही असेच गेले. या दयेपेक्षा टोपीवाल्याची शिवी बरी.

बाजारात कुजबुज आहे. वादक मंडळी चहाच्या टपरीवर मला बघून विषय बदलतात. कान माझे असे आहेत की बदललेला विषयही ऐकू येतो आणि आधीचाही. "म्हातारा आता सुरातून गेला." खुर्च्या उचलण्यापासून इथवर आलो ते याच दोन कानांवर. डिग्री नाही, वशिला नाही, बापाने ठेवलेलं काही नाही. तेच गेले तर माझ्याकडे राहिलं काय? भंगाराचं दुकान.

ही म्हणाली, एवढं मनाला लावून घेऊ नका. मग थोड्या वेळाने म्हणाली, तुम्ही सोल्डरभावजींचं यंत्र का नाही वापरत? मला राग आला. म्हटलं, तूसुद्धा?

हॉटेलात पांढरी चारवर आलोय. माइक नवीन आहे तरीही वरचा सूर पोकळ. हॉलच्या पडद्यांचा दोष असावा, जाड कापड वरचे सूर खातं.

२२ मार्च

कानाच्या डॉक्टरकडे गेलो. ही बरोबर आलीच, मला एकट्याला सोडेना. काचेच्या खोलीत बसवून कानाला हेडफोन लावतात आणि बारीक पिपाण्या वाजवतात. ऐकू आली की बटण दाबायचं. मला पिपाण्या तर आल्याच, शिवाय त्याच्या पंख्याचं बेअरिंग गेल्याचं मी बाहेर येऊन सांगितलं. डॉक्टर खूश. म्हणाला, तुमचे कान वीस वर्षांच्या पोराचे आहेत.

दारातून ही म्हणाली, "मग घरी का नाही ऐकू येत यांना?"

डॉक्टर हसला आणि हसता हसता थांबला. हिच्याकडे वळून म्हणाला, तुमचा आवाज कधीपासून असा आहे? ही म्हणाली, "लग्नापासून. यांना ओरडून ओरडून." मी पोट धरून हसलो. डॉक्टर हसला नाही. घसा तपासायला लवकर या म्हणून त्याने चिठ्ठी लिहून दिली, ती हिने घडी करून पर्समध्ये टाकली. डॉक्टरांचं असंच. कान दाखवायला जावं तर घसाही बांधून देतात, जोडीला काहीतरी खपवल्याशिवाय कुणाचं दुकान चालत नाही.

कान शाबूत! परत येताना मी टॅक्सीत गुणगुणत होतो. म्हणजे दोष मशिनांतच आहे, आणि माझंच बरोबर आहे. एकामागून एक एवढी मशिनं चढी कशी निघतात, तेवढं कोडं राहिलं. कंपन्यांनीच हल्ली सूर वर नेला असेल.

४ एप्रिल

आजचं रात्री लिहायला घेतलंय.

दुपारी एक जोडपं आलं. तो वाजवतो, ती गाते, नुकतं लग्न झालंय, दोघं मिळून कार्यक्रम घ्यायचं ठरवलंय. बाजारातली कुजबुज त्यांच्यापर्यंत अजून पोचली नव्हती. सकाळीच आलेलं एक मशिन टेबलावर होतं. ही पडून होती, दुपारची हल्ली पडूनच असते, म्हणून त्याची परीक्षा झाली नव्हती. ट्यूनिंगला मी हात लावला नव्हता. कंपनीतून आलं तसंच होतं ते.

मी म्हटलं, वाजवून बघा, आणि अडॅप्टर शोधायला आतल्या खोलीत गेलो. बाहेर त्याने विचारलं, कुठली पट्टी? ती म्हणाली, काळी चार. आणि तिने आमचं गाणं सुरू केलं. हॉटेलात येऊन ऐकून उचललेलं, एका कडव्याचे शब्दही चुकीचे.

मी पेटाऱ्यात डोकं घालून होतो. शेवटची ओळ आली, सूर वर गेला, थांबला. मशिनमध्ये असा विरघळला की दोन आहेत हे कळू नये. आणि माझ्या मनात आलं, चला, ही बरी झाली. घसा सुटला हिचा.

अडॅप्टर घेऊन बाहेर आलो तर ती मुलगी माइकशी उभी. आणि ही स्वयंपाकघराच्या दारात, हातात ट्रे.

"चहा घ्या," ही म्हणाली.

दोनच शब्द. पुरुषाच्या पट्टीच्याही खाली, आणि शब्दांच्या मधून वारा जात होता, जसा फाटक्या भात्यातून जातो. आज सकाळीही तसाच गेला असणार. काल, परवा, अख्खी थंडी. मी ऐकत होतो आणि मशिनं उतरवत होतो.

त्या दोघांना मशिन देऊन टाकलं. ते किमतीचं बोलत होते, मला ऐकू आलं नाही.

मशिनं सगळी बरोबर होती.

९ एप्रिल

दुसऱ्याच दिवशी हिच्या पर्समधली चिठ्ठी मीच काढली आणि हिला नेलं. नाकातून बारीक नळी घालून डॉक्टरने आतलं पडद्यावर दाखवलं. पहिल्यांदाच बघितलं, ते कुठून येतं. मला वाटलं होतं काहीतरी सुंदर असेल. एका बाजूला पांढुरकी गाठ बसलीय, खडबडीत, जुन्या बॅटरीवर खार चढतो तशी. तिचा तुकडा काढला, तो आज तपासून आला. जे असायचं तेच आहे. पसरलंय. स्वरयंत्र काढावं लागेल, सगळं. श्वासाला गळ्यात भोक ठेवतील. नाही काढलं तर ती जाईल, आणि लवकर जाईल. एकवीस तारखेला दाखल व्हायचं.

डॉक्टर वाईट माणूस नाही. सहज म्हणून म्हणाला, गाणाऱ्या माणसाच्या घरात हे पंधरा दिवसांत लक्षात येतं, वरचा सूर अडला की लोक धावत येतात. तुम्ही लोक इतके दिवस कसे काय थांबलात?

अडलाच नाही वरचा सूर. दर वेळी तो अडायच्या आधी मी बटण दाबलं. ती एकदा जरी भर हॉटेलात अडखळली असती तर मॅनेजर बोलला असता, लोक बोलले असते, मलाही कळलं असतं. मी तिला अडखळू दिलं नाही. प्रेमाने केलं म्हणावं तर तेही नाही. सवयीने केलं.

लेकीला फोन केला. ती रडली नाही. म्हणाली, "लाइन खराब आहे म्हणाला होतात तुम्ही." मग ठेवला.

१४ एप्रिल

दुकान बंद आहे. सोल्डर येतो, बसतो. परत आलेली सगळी मशिनं त्याने यंत्र लावून मूळ सुरावर आणली. एकदाही "मी सांगत होतो" म्हणाला नाही. म्हणाला असता तर बरं वाटलं असतं.

आज हिला विचारलं. ती गॅलरीत कपडे वाळत घालत होती. मी म्हटलं, नळ सोडायचीस तेव्हा रक्त पडत होतं का? तिने मान हलवली. थंडीपासून? पुन्हा मान हलवली. मग तुझा सा उतरलाय हे तुला कळत होतं? या प्रश्नाला तिने माझ्याकडे असं बघितलं की मीच खाली बघितलं.

आधी म्हणाली, सांगितलं असतं तर हॉटेलचं काम गेलं असतं, एवढा मालकीणबाईंचा योग जुळून आलेला. मी म्हटलं, खरं सांग. तिने हातातला टॉवेल झटकला, दोरीवर टाकला, चिमटा लावला. हल्ली बोलायच्या आधी तिला श्वास गोळा करावा लागतो.

"तुम्ही मशिनं उतरवत होतात. मी बघत होते, माझ्यासाठी कुठवर खाली येताय."

तिने बादलीतून पुढचा कपडा उचलला.

"वाट बघत होते, हो. एकदा म्हणाल, तुझा सा चुकला. म्हणाला असतात तर त्याच दिवशी सगळं सांगणार होते. तुम्ही बासरीवाल्याला खोटं पाडलंत, भावजींना पाडलंत, कंपनीला पाडलंत. मला नाही. कुणी कुणाला एवढं खरं मानू नये."

मी तिथेच उंबऱ्यावर बसलो. ती उरलेले कपडे घालत राहिली. बादली रिकामी झाल्यावर म्हणाली, वीस तारखेला मालकीणबाई येणार आहेत ना, मी गाणार. मी म्हटलं, वेडी आहेस. ती म्हणाली, एकवीसला ते काढूनच टाकणार आहेत, वीसला ते माझं आहे. मग मी सौदा करायला लागलो, अंगातच आहे ते. म्हटलं, ठीक आहे, काळी एक घेऊ, हवं तर त्याहून खाली, मी चाल वळवून घेतो, वरची जागा व्हायोलिनच्या आवाजाला देतो, कुणाला कळणार नाही.

"काळी चार," ती म्हणाली. "आणि त्या बटणाला हात लावायचा नाही."

२० एप्रिल

हॉटेल भरलं होतं. मालकीणबाई पुढच्या टेबलावर, मॅनेजर त्यांच्या मागे हात बांधून. मागे सोल्डर. तो टोपीवालाही कुणाबरोबर तरी आला होता, आणि ते नवं जोडपं कोपऱ्यात. हिच्या आजाराचं सोल्डरशिवाय कुणाला माहीत नाही, हिनेच बजावलं होतं. गळ्याला तिने ओढणी गुंडाळली होती. मी माझ्याकडचं सगळ्यात चांगलं मशिन नेलं. सोल्डरने त्याचा सूर मोजला होता, वायरी तपासल्या होत्या, माइक त्याच मशिनमध्ये जोडून तपासला होता. एवढा निर्दोष संच मी आयुष्यात कुठे लावला नव्हता.

काळी चारवर सुरुवात केली. पहिलं कडवं ती जवळजवळ बोललीच. लोकांना वाटलं, नवीन ढंग आहे; कुणीतरी वा म्हणालं. दुसऱ्या कडव्याला आवाज दोनदा तुटला. माझा अंगठा बटणापाशी गेला. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, नुसती मान आडवी हलवली. मी हात मागे घेतला.

शेवटची ओळ आली. तिने श्वास घेतला, डोळे मिटले, मान वर केली, नेहमी करते तशीच. तोंड उघडलं. आणि काही आलं नाही.

काहीच नाही. थोडी हवा. मशिन मात्र जोरात चालू होतं, ड्रम, बास, मागची व्हायोलिनं, सगळे आपापल्या जागी, इतके सुरेल, आणि मधोमध तिच्या मापाचं भोक. ती थांबली नाही. सूर जेवढा वेळ धरायची तेवढा वेळ तोंड उघडं ठेवून उभी राहिली. गळ्याच्या शिरा ताणलेल्या, चेहरा सूर लागलेल्या माणसाचा असतो तसाच. चमचे थांबले होते.

मग साऊंडवाला धावला. माइकवर टकटक केली, टकटक नीट ऐकू आली तरी वायर हलवत बसला. मॅनेजर खाणाखुणा करायला लागला. लोक माइककडे बघत होते, स्पीकरकडे बघत होते, माझ्याकडे बघत होते. टोपीवाला शेजारच्याला म्हणाला, "यांचाच माल. मी सांगितलं नव्हतं?" एवढ्या गोंधळात मला ते अक्षर अन् अक्षर ऐकू आलं.

तिने डोळे उघडले. माइककडे नाही बघितलं, माझ्याकडे बघितलं.

मी मशिन बंद केलं. उभा राहिलो. इतक्या वर्षांत मी स्टेजवर कधी बोललेलो नाही, बोलायचं काम तिचं.

"माफ करा, मंडळी," मी म्हटलं. "मशिन माझं आहे. जुना माल. ऐन वेळेला दगा दिला त्याने. बाई गात होत्या, तुमच्यापर्यंत पोचलं नाही."

कुणीतरी हळहळलं. मालकीणबाई उठून हिच्याजवळ आल्या, हिचा हात हातात घेतला आणि मला म्हणाल्या, एवढ्या चांगल्या गळ्याला साजेसं तरी सामान ठेवा. मी हो म्हटलं. मॅनेजरने बाजूला घेऊन सांगितलं, रोजच्या कामाचं आता अवघड आहे, असल्या यंत्रांच्या भरवशावर हॉटेल चालत नाही, समजून घ्या. मी समजून घेतलं. सोल्डर वाकून मशिनच्या मागे काहीतरी करत होता. सगळं धडधाकट होतं हे त्याच्याइतकं कुणाला माहीत? त्याने वायर उपसली, हातावर गुंडाळली आणि टोपीवाल्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाला, "बोर्ड गेलाय. भंगार आहे." मग तोंड फिरवून उभा राहिला.

टॅक्सीत मशिन आमच्या दोघांच्या मांडीवर आडवं होतं. उद्याची बॅग तिने सकाळीच भरून ठेवलीय. ती बाहेर बघत होती. मग ओठ हलले. रस्त्याच्या आवाजात काही कळेना, म्हणून मी कान तिच्या तोंडाशी नेला.

"कुठवर गेला?"

"वरपर्यंत," मी म्हटलं. "चांगला लागला."

तिने मान माझ्या खांद्यावर टाकली. परत श्वास गोळा केला.

"अहो, तुमचे कान गेले."

मी म्हटलं, "हो. गेले."